स्वतःच्या हस्ताक्षरात

यंदा पावसानं अर्ध्यातच काढता पाय घेतला, आणि त्याच्या मागोमाग दूधही गेलं. डेअरीच्या धुण्याच्या शेडमधल्या बायकांना ते कुणी सांगावं लागलं नाही. त्यांच्या कानांनाच कळलं. एरवी पहाटे पाचपासून रिकाम्या कॅनचा असा दणदणाट चाले, की शेजारणीशी बोलायचं तर तिच्या कानात तोंड घालावं लागे. आता दोन कॅनच्या मधे नळाचं ठिबकणं ऐकू येऊ लागलं. सात बायका, सात ब्रश, सोड्याच्या पाण्याचे दोन हौद, वाफेची एक नळी. आणि कॅन मात्र पूर्वीच्या निम्मेसुद्धा नाहीत. साडेसातलाच काम आटोपे. मग बायका पुसलेली फरशी पुन्हा पुसत बसत. साहेबाच्या नजरेला कुणी रिकामं दिसायला नको.

या सात जणींतल्या एकीला सगळे धाकटी म्हणत. सात वर्षांपूर्वी ती शेडमध्ये आली तेव्हा सगळ्यांत लहान होती, म्हणून धाकटी. पुढे तिच्याहून लहान दोघी आल्या, तिच्या केसांत पांढरं डोकावू लागलं, पण चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. घरी ती आणि तिची सातवीतली मुलगी, दोघीच. मुलगी उंच आणि किडकिडीत. वर्गात तिला पेन्सिल म्हणत, आणि लाडात आली की आईही पेन्सिलच म्हणे. नवरा दूर एका पुलाच्या कामावर फळ्या ठोकायला होता. दोन-दोन महिने यायचा नाही. मधल्या काळात त्याचे निरोप दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर आणी, आणि आणताना त्यात पदरचं थोडं घाली.

सोमवारी साहेब शेडच्या दाराशी येऊन उभा राहिला. तो नवा होता, वयानं लहान, आणि बायकांशी बोलताना त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघे. त्यानं भिंतीला सांगितलं की पुढच्या महिन्यापासून धुण्याला दोघीच राहतील, पण त्या दोघी कायमच्या होतील. ज्यांना जागा हवी त्यांनी शनिवारी दुपारपर्यंत लेखी अर्ज आणून द्यावा. बाकीच्यांचं पुढं बघू. मग दारावर एक कागद डकवून तो निघून गेला.

'पुढं बघू' म्हणजे काय, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही.

त्याच संध्याकाळी ड्रायव्हर नवऱ्याचा निरोप घेऊन आला. दूध आटल्याची बातमी टँकरबरोबर तिकडेही पोचली होती. तिथलं सुटलं तर दोघी इकडेच या, असं त्यानं कळवलं होतं. विटा वाहायला बाया लागतात, पत्र्याची एक खोली मिळेल. शाळेचं काय, असं धाकटीनं विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, शाळेचं काही बोलला नाही, आणि खरं सांगायचं तर मैलभर तरी मला तिथं शाळा दिसली नाही. पेन्सिल चुलीशी बसून हे ऐकत होती. ती उठली, भूगोलाचं पुस्तक काढलं आणि वाचत बसली. भूगोलाचं पुस्तक तिनं आपणहून उघडलेलं धाकटीनं आजवर पाहिलं नव्हतं.

शाळेत भाषा शिकवणारे मास्तर निवृत्तीला आले होते. हातात पुस्तक नसलं की हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नसे. मंगळवारी पेन्सिलच्या वर्गात, त्यांच्या तासाला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, सर, अर्ज कसा लिहायचा ते शिकवा. हा मुलगा धाकटीच्या शेजारणीचा. ती शेडमध्येच काम करी आणि हात चालो न चालो, तोंड चाले, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणत. मास्तर चकितच झाले. सव्वीस वर्षांत कुणी एखादा धडा त्याची पाळी यायच्या आत मागितला नव्हता. त्यांनी पुस्तक न उघडता, तोंडपाठ, सबंध अर्ज फळ्यावर लिहून काढला. प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू, सगळं जागच्या जागी. मुलांनी तो स्वल्पविरामासकट उतरवून घेतला.

बुधवारी सकाळी शेडमध्ये तोच विषय. रेडिओचा अर्ज तयार होता. पोरानं सुवाच्य अक्षरात लिहिला होता आणि तिनं खाली सही ठोकली होती. इतरांचंही तसंच. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठा दिला होता. अर्जात काय लिहिलंय, असं मोठ्या मावशीनं विचारलं. मावशी शेडमधली सगळ्यांत जुनी, एकोणीस वर्षांपासूनची. रेडिओ म्हणाली, "मला काय माहीत? पोरगं शिकतंय कशाला मग?"

पण पेन्सिलनं शाळेला जाताना दारावरचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता. अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात असावा, असं त्यात होतं. रेडिओचं म्हणणं, हस्ताक्षर म्हणजे सही. पेन्सिलचं म्हणणं, नाही, सगळा अर्ज. आणि पेन्सिलशी वाद घालून आजवर कुणी जिंकलं नव्हतं.

"मी तिसरीत शाळा सोडली गं," धाकटी म्हणाली.

"मग तिसरीपर्यंतची अक्षरं येत असतील. मुळाक्षरं पहिलीतच संपतात."

त्या संध्याकाळी दुसऱ्या पाळीचं काम उरकून धाकटी आली आणि मुलीसमोर पाटावर बसली. सोड्यानं तिच्या बोटांना उभ्या चिरा पडल्या होत्या. अंगठ्याच्या पेरावरची चीर पेन धरलं की उघडे. ब्रश धरायची सवय, म्हणून पेनही ती मुठीत धरू लागली. पेन्सिलनं बोटं एकेक करून सोडवली आणि पुन्हा बसवली. समास सोड. ओळीवर लिही. इतकं दाबू नको, कॅन नाही घासायचा. धाकटीला हसू येत होतं, पण मास्तरीण हसण्यातली नव्हती. 'प्रति' लिहून झालं तेव्हा कागदाला मागून भोक पडलं होतं. तीन कागद वाया गेले. चौथ्यावर 'महोदय' उमटलं. ते जरा उताराला लागलं होतं, पण महोदयच होतं. धाकटी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

गुरुवारी ती पुढच्या ओळींना लागली. एकेक अक्षर पेन्सिलच्या वहीतून बघायचं, तोंडानं म्हणायचं, मग कागदावर उतरवायचं. अशा गतीनं लिहिणाऱ्याला वाचल्याशिवाय गत्यंतर नसतं.

"मा-झे व-य बा-वी-स..." ती थांबली. "बावीस?"

"लिही पुढं."

"मी प-द-वी-ध-र..." पुढच्या ओळीत दर मिनिटाला चाळीस शब्द टंकलेखन येत होतं. त्याच्याही पुढे होतं: अ-वि-वा-हि-त. धाकटीनं पेन खाली ठेवलं.

"ही बाई कोण आहे?"

"अर्जदार," पेन्सिल म्हणाली.

"अर्जदार मी. मी बावीस वर्षांची, बिनलग्नाची? तुझ्या बापाच्या कानावर गेलं तर तो पूल टाकून येईल."

पेन्सिल गोरीमोरी झाली. सरांनी फळ्यावर हेच लिहिलं होतं. फक्त नाव-गाव बदलायचं, बाकी शब्द बदलला की सर गुण कापतात. धाकटीला हसू आवरेना. रेडिओ अविवाहित, मावशी बावीस वर्षांची आणि टंकलेखनात तरबेज! डोळ्यांना पाणी येईपर्यंत ती हसली. मग हसता हसताच तिच्या काहीतरी ध्यानात आलं आणि तिनं डोळे पुसले.

सहा जणींचे अर्ज शब्दाला शब्द सारखे होते. साहेब ते वाचणार, हसणार आणि बाजूला टाकणार. सातवा अर्ज अजून लिहून व्हायचा होता.

ती तशीच उठून मास्तरांकडे गेली. उजेड अजून होता. मास्तर दारातच पुस्तक घेऊन बसले होते. तिला बघून उभे राहिले, बसायला काय द्यावं म्हणून घरात पाहिलं, आणि शेवटी स्वतःचीच खुर्ची पुढं करून आपण उभे राहिले. धाकटी उंबऱ्याशी टेकली. तिनं वही उघडून दाखवली आणि विचारलं, यातलं मी काहीच नाही, मग काय लिहू?

मास्तरांनी वही वाचली. स्वतःच लिहिलेलं, पण जणू पहिल्यांदा वाचत असल्यासारखं. त्यांचे कान लाल झाले.

"मला माझ्या मास्तरांनी हाच शिकवला होता," ते म्हणाले. "मी सव्वीस वर्षं हाच शिकवतोय. दहापैकी गुण द्यायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. हा कुणी खरोखर नेऊन देईल, हे... हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

मग त्यांनी वही मिटली आणि विचारलं, तुम्हाला काय येतं? कॅन धुते, ती म्हणाली. म्हणजे कसं? धुते म्हणजे धुते, त्यात काय सांगायचं. पण मास्तर वाट बघत राहिले, तेव्हा तिला बोलावं लागलं. आधी थंड पाणी, मग सोडा, मग वाफ. उलट केलं तर दुधाचा साका धातूला धरून बसतो. झाकणाची रबरी कडी काढून खालून घासायची. आळशी बाई तेच विसरते आणि दूध तिथूनच नासतं. आणि धुऊन झाल्यावर प्रत्येक कॅनला नखानं टिचकी मारायची. धड कॅन लांब वाजतो. तडा गेलेला चटकन गप्प होतो, डोळ्यांना तडा दिसायच्या कितीतरी आधी. तिनं असे कॅन किती बाजूला काढले याची मोजदाद नव्हती.

"हेच लिहा," मास्तर म्हणाले. "मला असं लिहिता आलं नसतं."

ती निघाली तेव्हा ते पायरीपर्यंत आले आणि चुळबुळत उभे राहिले. म्हणाले, "बाकीच्या मुलांनी तर आधीचाच नेला. उद्या वर्गात सांगावं म्हणतो. पण एकच दिवस उरलाय, मुलं गोंधळतील, आया रागावतील... तुम्हाला काय वाटतं? सांगू की नको?"

आपण काय विचारतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. धाकटीला मात्र ठाऊक होतं. जागा दोन. मावशीला तर एकोणीस वर्षांचा हक्क. म्हणजे खरी जागा एकच. 'राहू द्या' एवढं म्हटलं की झालं. मास्तरांना तेच ऐकायला आवडलं असतं, त्यांचीही फजिती टळली असती. तिच्या डोळ्यांपुढे पत्र्याची खोली आली, डोक्यावर विटा घेऊन चाललेली पेन्सिल आली. आणि मग मधेच, कुणी बोलावलं नसताना, रेडिओ आली. पेन्सिलला ताप आला होता तेव्हा अकरा दिवस रेडिओनं आपले कॅन धुऊन वर हिचेही धुतले होते. त्या अकरा दिवसांत तिची बडबड मात्र मिनिटभरही थांबली नव्हती, असं मावशी अजून सांगे.

"सांगा," धाकटी म्हणाली. "पहिल्याच तासाला सांगा." आणि पाय पुन्हा वळायला नकोत म्हणून भराभरा चालत घरी आली.

शुक्रवारी मास्तरांनी फळा कोरा ठेवला आणि मुलांना सांगितलं की मंगळवारी मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मोठ्या माणसानं असं म्हणायचं असतं हे त्यांना नवीन होतं. मग ते म्हणाले, आपापल्या आईला विचारा, तिला काय येतं. ती 'काही नाही' म्हणेल. तेव्हा पुन्हा विचारा.

संध्याकाळच्या पाळीला मुलं वह्या घेऊन शेडमध्येच आली आणि पालथ्या कॅनवर रांगेनं बसली. मावशीसाठी तिचा नातू आला होता. वाफेनं वह्यांची पानं मऊ पडू लागली. आधी अर्धा तास बायकांनी मास्तरांचा उद्धार केला. आपण अविवाहित असल्याचं कळल्यावर रेडिओ म्हणाली, आधी माहीत असतं तर केस तरी नीट विंचरले असते. मग प्रश्न सुरू झाले.

"आई, तुला काय येतं?"

"मला? बोलता येतं."

"ते लिहू?"

"लिहिलंस तर बघ."

पण जे जिचं तिला सांगता येईना, ते पलीकडची सांगू लागली. रेडिओला वाचता येत नाही, पण कॅनच्या पोच्यावरून तो कुणाच्या घरचा हे ती न चुकता सांगते, दोनशे घरांचे दोनशे, ते लिही रे. मावशी नुसत्या वासावरून सांगते की या कॅनमध्ये उद्याचं दूध टिकणार नाही. एकीला वाफेची नळी तुंबली की मिस्त्रीशिवाय मोकळी करता येते. एक इतकी कमी बोलते की तिला काय येतं हे कुणालाच सांगता येईना; मग तीच हळूच म्हणाली की सर्वांत आधी येऊन पाणी मी तापवते. तिला आजवर कुणी पाणी तापवताना पाहिलंच नव्हतं. सगळ्या यायच्या तेव्हा ते तापलेलं असायचं. त्या दिवशी कॅन धुवायला एरवीपेक्षा तासभर जास्त लागला.

घरी आल्यावर धाकटीनं आपला अर्ज लिहिला. मास्तरांना सांगितलेलं सगळं लिहिलं. शेवटी पेन्सिल म्हणाली, गैरहजेरीचं एक वाक्य असतं. इतर मुलं लिहिणार होती, मी कधीही गैरहजर राहिले नाही. धाकटीनं विचार केला आणि लिहिलं: सात वर्षांत अकरा दिवस गैरहजर. मुलीला ताप होता. कॅन राहिले नाहीत.

शनिवारी साहेबानं एकेकीला आत बोलावलं. धाकटीनं दारात हात पुसले, तरी बाही ओली होती. कागद टेबलावर ठेवताना बाहीचं पाणी ठिबकलं आणि 'महोदय' पसरलं. खुर्ची होती, पण साहेब बसा म्हणाला नाही, म्हणून ती उभी राहिली. साहेबानं अर्ज वाचला. आज पहिल्यांदाच तो भिंतीकडे न बघता बायकांकडे बघत होता.

"हे अकरा दिवसांचं कशाला लिहिलंत?"

"विचारलं असतं तर सांगावंच लागलं असतं."

"अर्ज कुणी लिहून दिला?"

"मीच लिहिला."

त्यानं एक कोरा कागद आणि पेन तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाला, आज किती कॅन धुतले ते लिहा. उभ्यानं वाकून लिहायचं होतं. अंगठ्याची चीर उघडली. तिनं आधी समास सोडला. मग सावकाश लिहिलं: आज ब्याण्णव कॅन धुतले. दोन तडा गेलेले. साहेब वाट बघत बसला. मधे त्याचा चहा निवला, पण त्यानं घाई केली नाही.

सोमवारी कळलं. मावशी आणि धाकटी. दोघीच उरणार तर धुतलेल्या कॅनचा कागद त्यांनाच रोज भरावा लागणार, आणि सातही अर्जांत अर्जदाराच्या हातचा एकच, असं साहेबानं सांगितलं. या वेळी सांगताना तो भिंतीकडेच बघत होता. बायकांनी ब्रश उचलले. धाकटीला आनंद झाला होता, आणि तो लपवता लपवता तिची मान दुखून आली. दोन दिवस रेडिओ बंद होता. शेडमध्ये वाफेचा फुसफुसाट तेवढा ऐकू येई. धाकटी तिच्याशेजारी उभी राहून घासत राही.

तिसऱ्या दिवशी दुपारी रेडिओ पोराला आणि वहीला घेऊन धाकटीच्या दारात उभी. शाळेच्या पलीकडच्या दवाखान्यात भांडी आणि बाटल्या धुवायला बाई हवी होती.

"माझा तोच अर्ज घे," ती म्हणाली, "आणि कॅनच्या जागी बाटल्या कर. की झालं."

"बाटल्यांना पोचे पडतात का?" धाकटीनं विचारलं.

रेडिओनं चपला काढल्या. "तुला नोकरी काय लागली, तू मास्तरच झालीस," म्हणाली आणि खाली बसली. "बरं, विचार. काय येतं विचार मला. आणि या खेपेला लिहिणार मीच. पोरगं नुसतं दाखवेल." मग जी सुरू झाली ती चहा होईपर्यंत थांबली नाही. दोन दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं, त्यात धाकटीला दोन-चार टोमणेही होते. धाकटीनं ते चहाबरोबर गोड करून घेतले.

त्या संध्याकाळी टँकर निघायचा होता. ड्रायव्हर नवऱ्यासाठी निरोप मागायला आला, तेव्हा धाकटी म्हणाली, थांब, या वेळी लिहून देते. ड्रायव्हर दारातल्या दगडावर बसला. ती पाटावर बसली, समास सोडला आणि लिहू लागली. पत्र कसं लिहितात ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. जे येत होतं तेच तिनं केलं. पेन्सिल मागून वाकून वाचत होती.

प्रति, नवरा, पुलाच्या कामावर.

विषय: आम्ही तिकडे येणार नाही याबद्दल.

महोदय, मला इथं कायम जागा मिळाली. मुलगी शाळेत जाते. ती पुढंही जाईल. तुम्हीच सवड काढून इकडे यावं ही विनंती. येताना हाताला लावायला मलम आणावं.

आपली विश्वासू.

"आई," पेन्सिल म्हणाली, "नवऱ्याला विषय लिहीत नाहीत."

"का? कशाबद्दल आहे ते त्याला कळायला नको?"

"आणि महोदयसुद्धा म्हणत नाहीत."

धाकटीनं त्या शब्दाकडे पाहिलं. या वेळी तो अगदी ओळीवर बसला होता.

"असू दे," ती म्हणाली. "त्याला आजवर कुणी म्हटलं नसेल." आणि कागदाची घडी करून तिनं ड्रायव्हरला दिली.